लोणी भापकर टू औली!

पावसाची वाट बघणाऱ्या गावातलं एक कुटुंब चक्क स्कीइंगला निघालं. थोडा सोपा, थोडा अवघड आणि मधेच एकदम अंगावर येणारा असा एक उतार... आणि त्या उतारावर हरवलेली दहा मिनिटं!

‘‘आत्या, अजून किती वेळ उभं राहायचं?’’

समोर नंदादेवी. वर निळंशार आकाश. पायाखाली पांढराशुभ्र बर्फ. आणि पायांना बांधलेल्या दोन लांबलचक पट्ट्या, ज्या माझं काहीएक ऐकायला तयार नाहीत! मागे दादा दोन्ही काठ्या बर्फात रोवून उभा होता, जणू कुणीतरी त्याला ढकलणारच आहे. आमच्या दोघांच्या पुढे त्याची दहा वर्षांची लेक. तिला फक्त एकच प्रॉब्लेम होता, आपण अजून निघत का नाही?

थांबा. ही गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

पोत्यावरची घसरगुंडी

आमचं गाव लोणी भापकर. बारामती तालुका म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस, कालवे आणि हिरवीगार शेतं येतात. पण याच तालुक्याला एक जिरायती पट्टाही आहे आणि आमचं गाव त्यातलं. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं देखणं मंदिर आहे, समोर पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आहे, यज्ञवराहाचं सुंदर शिल्प आहे. मूर्तिकलेचे अभ्यासक ते बघायला लांबून येतात. पण गावात दोन माणसं भेटली, की बोलणं फिरून येतं ते पाण्यावरच. यंदा पाऊस किती, विहिरीला पाणी किती, टँकर कधी!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांचा एकच खेळ. मुरमाच्या टेकाडावर जायचं, खताचं रिकामं पोतं अंथरायचं आणि बसून सुर्रकन खाली! मी पहिलीत, चुलतभाऊ दहावीत. खाली उभं राहून मला पकडायचं काम त्याचं. त्याला सगळे दादाच म्हणतात. खरचटलेले गुडघे आणि फाटलेले फ्रॉक, हे आमचं पहिलंवहिलं ‘स्कीइंग’.

तोच दादा आता पिंपळे सौदागरला राहतो. हिंजवडीत नोकरी, फ्लॅटचा हप्ता, रात्रीचे क्लायंट कॉल... तुमच्या-माझ्यासारखंच. फक्त एक फरक पडलाय. पोत्यावरून उड्या मारणारा दादा लेकीच्या बाबतीत मात्र भलताच घाबरट झालाय. वाढदिवसाला घेतलेली सायकल दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी. ‘‘रस्त्यावर ट्रॅफिक बघितलंस का?’’ हा त्याचा ठरलेला डायलॉग.

दिवाळीला गावी जमलो होतो. भाचीनं मोबाइलवर स्कीइंगचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, ‘‘बाबा, आपण कधी जायचं?’’ दादा म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी.’’ आयटीवाल्यांच्या घरातल्या पोरांना ‘पुढच्या वर्षी’चा अर्थ चांगला ठाऊक असतो. तिचा चेहरा बघून मीच म्हटलं, ‘‘पुढचं वर्ष कशाला? फेब्रुवारीत जाऊ. मी आहे ना!’’

हे ‘मी आहे ना’ पुढे मला किती महागात पडणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

भेगा पडलेलं गाव

भारतात स्कीइंग म्हणजे गुलमर्ग, हा आपला समज. तो चुकीचाही नाही. ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ तिथे १९२७ मध्ये, ब्रिटिशांच्या काळात सुरू झाला आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरलेला एकमेव खेळाडू, आरिफ खान, त्याच भागातला. पण आम्ही निवडलं उत्तराखंडमधलं औली. कारण साधं होतं. आम्ही सगळे नवशिके, सोबत लहान मूल आणि एकाच मोठ्या उतारावर शिकण्यापासून थेट स्पर्धांपर्यंतची सोय. साधारण २५०० मीटर उंचीपासून ३०५० मीटरपर्यंत पसरलेला, सुमारे तीन किलोमीटरचा हा उतार. भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्था १९७३ पासून इथे आहे. पर्यटक आले ते त्यानंतर.

पुणे-दिल्ली विमान, तिथून हरिद्वार आणि मग ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग... शाळेत पाठ केलेली नावं एकामागून एक पाट्यांवर दिसायला लागतात. वहिनीला पहिल्या तीन प्रयागांपर्यंत मळमळलं, चौथ्याला झोप लागली.

औलीच्या पायथ्याचं गाव जोशीमठ. २०२४ मध्ये त्याचं नाव अधिकृतपणे ज्योतिर्मठ झालं. पूर्वी इथून चार किलोमीटरचा रोपवे थेट औलीला न्यायचा. जानेवारी २०२३ मध्ये गावातली जमीन खचायला लागली, शेकडो घरांना भेगा पडल्या आणि रोपवे बंद झाला. गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, इथे अवजड बांधकाम नको, असं मिश्रा समितीनं १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. कुणी ऐकलं नाही, एवढंच! २०२३ मध्ये उपग्रहाच्या पाहणीत दिसलं, की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेली होती.

आम्ही गाडीनंच वर गेलो. आमचे इन्स्ट्रक्टर इथलेच. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. दादानं त्यांना विचारलं, ‘‘सर, आपका घर ठीक है?’’ ते म्हणाले, ‘‘दो कमरे ठीक हैं.’’ किती खोल्या होत्या, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

पिझ्झा आणि समपातळी चर

पहिला दिवस फक्त बूट घालण्यात गेला! स्कीचे बूट म्हणजे प्लास्टिकचे लोखंडी बूट. घोटा हलत नाही, पाय वाकत नाही, चालताना आपण चंद्रावर आहोत असं वाटतं. बूट ज्या खटक्यात बसतात त्याला बाइंडिंग म्हणतात. आपलं वजन, उंची आणि कौशल्य बघून तो किती घट्ट ठेवायचा हे ठरवतात. पडल्यावर तो आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा सुटतो! स्कीइंगमधल्या दुखापतींपैकी जवळपास एक तृतीयांश दुखापती गुडघ्याच्याच असतात.

दुसऱ्या दिवशी ब्रेक मारायला शिकलो. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. इंग्रजी ‘ए’ सारखा आकार होतो. जगभरातल्या पोरांना हे ‘पिझ्झाचा तुकडा करा’ असं सांगून शिकवतात. भाचीला पिझ्झा तीन मिनिटांत जमला. वहिनीला तासाभरात. मला दुपारपर्यंत. दादाचा पिझ्झा मात्र काही केल्या भाजलाच जाईना.

खरा घोळ मनाचा असतो. उतार दिसला, की आपण घाबरून मागे झुकतो. खुर्चीत बसल्यासारखे. आपल्याला वाटतं आपण सावध झालो, पण होतं उलटंच. वजन स्कीच्या मागच्या भागावर गेलं, की पुढची टोकं बर्फ पकडत नाहीत, वळता येत नाही आणि वेग मात्र वाढतो. सांभाळायचं असेल तर उताराच्या दिशेनं, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच दिशेनं, थोडं पुढे झुकावं लागतं. सर दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, ‘‘आगे! आगे! नडगी बूट पे दबाओ!’’ ‘नडगी’ हा शब्द त्यांना भाचीनं शिकवला होता.

दादाचा दिवा पेटला तो तिसऱ्या दिवशी सकाळी. सर ‘फॉल लाइन’ समजावत होते. उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेनं सरळ खाली पळेल, ती फॉल लाइन. त्या रेषेत स्की सोडली, की आपणही पाण्यासारखे सुसाट. वेग कमी करायचा तर उताराला आडवं जायचं, वळायचं, पुन्हा आडवं जायचं. दादा एकदम म्हणाला, ‘‘अरे, हे तर समपातळी चर!’’

गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको. डोंगरावर पडलेलं पाणी सरळ पळून जाऊ नये म्हणून उताराला आडवे चर खणतात. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ची पाटी बघत वाढलेल्या माणसाला स्कीइंगचं अख्खं शास्त्र एका वाक्यात कळलं. त्या दिवशी दादा पहिल्यांदा न पडता खाली आला. आडवा, वळण, आडवा, वळण. खाली पोचल्यावर त्यानं असा काही जल्लोष केला, की शेजारच्या ग्रुपमधल्या मुलांनीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी सरांनी ‘साइड स्लिप’ घेतलं. म्हणजे उताराला आडवं उभं राहायचं, स्कीची वरच्या बाजूची कड बर्फात रोवायची आणि ती किंचित सैल करत आडव्या अंगानं हळूहळू खाली घसरायचं. दिसायला एकदम बावळट प्रकार! फोटो काढण्यासारखं काहीच नाही. त्याच वेळी दादाला ऑफिसचा कॉल आला. ‘‘पाच मिनिटांत येतो,’’ म्हणून गेला तो क्लास संपल्यावर परतला. ‘‘काही महत्त्वाचं बुडालं का?’’ मी म्हटलं, ‘‘छे! बोअर होतं.’’

सोपा उतार, अवघड उतार... आणि मिसळ!

परदेशातल्या स्की रिसॉर्टमध्ये प्रत्येक उताराला खूण असते. अमेरिकेत हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. ही पद्धत तिथे १९६० च्या दशकात सुरू झाली. युरोपात बहुतेक ठिकाणी निळा, लाल आणि काळा, असे रंग चढत्या क्रमानं. ढोबळमानानं शंभर मीटर पुढे गेल्यावर उतार पंचवीस मीटरपेक्षा कमी उतरत असेल तर सोपा, पंचवीस ते चाळीस मीटर असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर अवघड. यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत ही वर्गवारी त्या-त्या रिसॉर्टपुरतीच असते. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी चक्क काळा ठरू शकतो. त्यामुळे ‘मी निळा केलाय’ या फुशारकीला फारसा अर्थ नाही.

पण सगळ्यात फसवा कोण, तर मिसळ उतार. सुरुवात सोपी, शेवट सोपा आणि मधे एक झणझणीत तुकडा! कुटुंबासाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या ठिकाणी असे उतार भरपूर असतात. सोप्या भागात आपला आत्मविश्वास वाढतो, वेग वाढतो आणि नेमकं तेव्हाच पायाखालची जमीन वाकते. अवघड उतारावर माणूस आधीपासून सावध असतो. मिसळ उतारावर तो गाफील सापडतो. सरांचं म्हणणं होतं, की त्यांनी बघितलेले बहुतेक अपघात अवघड तुकड्यात नाही, तर सोप्यातून अवघडात शिरतानाच्या दहा पावलांत झालेत.

पाचव्या दिवशी आम्हाला असाच उतार करायचा होता.

लाल झेंडीच्या पलीकडे

चेअर लिफ्टनं वर गेलो. सर पुढे, आम्ही मागे. निघता निघता वहिनीचं बाइंडिंग सारखं सुटायला लागलं. बुटाच्या तळाला बर्फ चिकटून गोठला होता. सर तिच्यापाशी थांबले आणि आम्हाला म्हणाले, ‘‘आप तीनों लाल झंडी तक जाइए. वहाँ रुकिए. मेरे आने तक आगे नहीं.’’

लाल झेंडीपर्यंतचा भाग म्हणजे नुसती मजा! लोण्यासारखा मऊ बर्फ. (‘‘बाबा, लोणी भापकर!’’ इति भाची.) दादाही छान आडवा-वळण करत उतरला. झेंडीपाशी आम्ही तिघं थांबलो. पाच मिनिटं झाली, सात झाली. सरांचा पत्ता नाही. भाची म्हणाली, ‘‘आत्या, अजून किती वेळ उभं राहायचं?’’

मी खाली डोकावून बघितलं. उतार जरा जास्त होता, पण लांबी फारशी वाटली नाही. पलीकडे पुन्हा मोकळी पांढरी जागा दिसत होती. आणि मी म्हटलं, ‘‘छोटाच तर आहे. जाऊ या का?’’

मी प्रश्न विचारला होता. तिनं तो परवानगी समजून घेतला. काठ्या मारल्या आणि निघाली! एक वळण, दोन वळणं, तिसऱ्याला ती उताराच्या पोटात शिरून दिसेनाशी झाली. त्याच वेळी खालच्या दरीतून धुकं वर आलं. डोंगरातलं धुकं कसं येतं, हे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना माहीत आहे. आत्ता होतं ते आत्ता नसतं. नंदादेवी गेली, झाडं गेली, शेवटी झेंडीचा लाल रंगही फिका पडला.

दादानं तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बर्फ आवाज पिऊन टाकतो. मग तो माझ्याकडे वळला. ‘‘तुझ्या भरवशावर आणलं होतं तिला,’’ एवढंच म्हणाला आणि सरळ खाली सुटला. आडवा नाही, वळण नाही. फॉल लाइनमध्ये. पाण्यासारखा.

मला दिसलं ते एवढंच, की तो मागे झुकला. मग ‘धप्प’ आवाज आला.

त्या क्षणी मला सगळी तंत्रं विसरायला झाली. पाय लटपटत होते. वर जाणं शक्य नव्हतं. स्की काढून चालावं तर पाय मांडीपर्यंत रुतला असता. आणि मग तो बावळट प्रकार आठवला. उताराला आडवी उभी राहिले, कड रोवली, किंचित सैल केली. घसरले वीतभर. पुन्हा रोवली. पुन्हा सैल. असं वीत-वीत करत मी दादापर्यंत पोचले. किती वेळ लागला कुणास ठाऊक!

तो बर्फात बसला होता. सुदैवानं हाडं जागेवर होती. बाइंडिंग वेळेवर सुटलं होतं आणि सुटलेली स्की तिच्या ब्रेकमुळे चार हातांवर अडकून राहिली होती. आधी खालच्या पायाची स्की, मग वरच्या, हे दुसऱ्या दिवशी शिकलेलं आठवून ती घातली. दादाचे हात थरथरत होते. म्हणाला, ‘‘मला उतरता येत नाहीये.’’ ज्या माणसानं लहानपणी मला टेकाडाखाली झेललं, त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

‘‘उतरायचं नाहीये,’’ मी म्हटलं. ‘‘फक्त कड सैल कर. आता घट्ट. सैल. घट्ट.’’

बुडालेला क्लास तिथेच, धुक्यात, भरला. सैल, घट्ट, सैल, घट्ट. आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता, म्हणजे या दोन शब्दांशिवाय, तो तुकडा उतरलो.

खाली उतार मोकळा झाला आणि कडेला काहीतरी उभं दिसलं. दोन छोट्या स्की, बर्फात रोवलेल्या, फुलीच्या आकारात. त्यांच्या खालच्या बाजूला भाची हात बगलेत घालून बसली होती. शांत.

‘‘किती उशीर!’’ ती म्हणाली. ‘‘सरांनी सांगितलंय ना, हरवलं तर हलायचं नाही, कडेला बसायचं आणि वरच्या बाजूला स्कीची फुली करायची, म्हणजे मागून येणारा आपल्याला धडकत नाही.’’

दादा तिच्याशेजारी बसला आणि कितीतरी वेळ तिच्या हेल्मेटवर हात ठेवून राहिला.

थोड्या वेळानं धुक्यातून वहिनी आणि सर आले. वहिनी आमच्यापेक्षा झकास उतरत होती! सरांनी झेंडीवर आम्ही नाही हे बघितलं होतं, बर्फावरच्या खुणाही बघितल्या होत्या. मला वाटलं, आता चांगलीच कानउघाडणी होणार. ते एवढंच म्हणाले, ‘‘बच्ची ने सब सही किया.’’ आमच्याबद्दल काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तिनं तर आत्याचं ऐकलं होतं. चूक तिची नव्हतीच. झेंडी ओलांडायची कल्पना माझी होती.

डोंगरातलं शेततळं

त्या रात्री दादा माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘चल, वर तळं आहे म्हणतात.’’

औलीच्या वरच्या अंगाला एक कृत्रिम तलाव आहे. २०११ च्या जानेवारीत इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. बर्फ कमी पडला तर यंत्रानं तयार करता यावा, त्यासाठी या तलावाच्या पाण्याची सोय. दादा काठावर उभा राहून हसायला लागला. ‘‘अगं, हे तर शेततळं!’’

खरंच की! आम्ही पावसासाठी शेततळी खणतो, हे बर्फासाठी. पण शेततळ्यानं पाऊस येत नाही, तसा नुसत्या तलावानं बर्फही येत नाही. बर्फाच्या यंत्राला पाण्याबरोबर शून्याखालची थंडीही लागते, ती कुठून आणणार? २०२३ च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नव्हता म्हणून इथल्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या होत्या. ताजा दहा सेंटिमीटर बर्फ वितळला, की साधारण एक सेंटिमीटर पाणी होतं. तेच पाणी खाली अलकनंदेला, पुढे गंगेला मिळतं. त्यामुळे सर सकाळी उठून आधी आकाशाकडे का बघतात, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमचे आजोबाही तेच करायचे.

‘‘काल मी नको ते बोललो,’’ दादा म्हणाला.

‘‘खरं तेच बोललास.’’

मग आम्ही पुन्हा तोच उतार केला. या वेळी झेंडीवर थांबलो. सर येईपर्यंत, पूर्ण अकरा मिनिटं. मग ते पुढे, भाची त्यांच्यामागे आणि आम्ही शेवटी. तो तुकडा आदल्या दिवशी होता तेवढाच उभा होता. मी दोन वळणं नीट घेतली, तिसऱ्याला धीर सुटला. साइड स्लिप केलं. शेजारून दादाही आडवा घसरत होता. भाची खालून ओरडली, ‘‘बाबा, खेकडा!’’ दादा म्हणाला, ‘‘खेकडा तर खेकडा. पोचतोय ना!’’

उतार सपाट करणं आपल्या हातात नसतं. पण तो किती तुकड्यांत कापायचा आणि कुठल्या झेंडीवर थांबायचं, हे मात्र असतं.

यंदा मे महिन्यात लोणी भापकरला गेलो, तेव्हा भाचीनं चुलत भावंडांना जमवून मुरमाच्या टेकाडावर पोत्याचा क्लास घेतला. ‘‘पुढे झुका! नडगी!’’ गुडघे सगळ्यांचे फुटले. दादा खाली उभा होता, पकडायला. पण या वेळी कडेला, जरा लांब.

आणि हो, सायकल पार्किंगमधून बाहेर निघाली. भाची आता सोसायटीतून क्लासला सायकलनं जाते. चौकात थांबते, दोन्हीकडे बघते, मग निघते. दादा बाल्कनीतून बघत असतो. चौकाच्या पुढचं त्याला दिसत नाही.

तुम्हीही निघालात? मग हे वाचाच!

कधी : साधारण डिसेंबरअखेर ते मार्चची सुरुवात. पण बर्फाचा भरवसा नाही. निघण्याआधी फोन करून चौकशी करा आणि हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा.

कसं : जवळचा विमानतळ डेहराडूनचा जॉली ग्रँट. ऋषिकेश ते ज्योतिर्मठ हा पूर्ण दिवसाचा प्रवास. रात्रीचा घाट टाळा.

कुठे शिकाल : औलीत गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स प्रसिद्ध आहेत. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था, तर मनालीला अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे. एका दिवसात स्कीइंग येत नाही, फक्त फोटो येतात.

तयारी : निघण्याआधी दीड महिना रोज उठाबशा आणि जिने. ऑफिसच्या लिफ्टला रामराम! पोचल्यावर पहिला दिवस आराम आणि भरपूर पाणी. उंचीमुळे डोकं दुखू शकतं.

कपडे : जीन्स आणि सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत. आतून लोकरी, बाहेरून पाणी न शिरणारे. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना त्रास देतं, त्यामुळे गॉगल मस्ट. हेल्मेट मुलांना आणि मोठ्यांनाही.

नियम : पुढचा स्कीअर दिसत असतो मागच्याला, म्हणून टक्कर टाळायची जबाबदारी मागच्याची. अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबू नका, थांबायचं तर कडेला.

विमा : नेहमीच्या प्रवास विम्यात स्कीइंग असेलच असं नाही. आधी लेखी विचारून घ्या.

आणि शेवटचं : क्लास चालू असताना फोन बंद. क्लायंट थांबतो. उतार थांबत नाही!